ब्रेक लागला नाही, की जागाच उरली नव्हती? दुचाकीस्वारांनी या चुका टाळाव्यात

अपघातानंतर दुचाकीस्वाराच्या तोंडून निघणारे पहिले वाक्य बहुधा 'ब्रेक लागलाच नाही' हेच असते. पुष्कळदा ब्रेक लागलेला असतो. पण गाडी थांबायला जेवढी जागा लागते, तेवढी समोर शिल्लकच नसते. छत्रपती संभाजीनगरचा जालना रस्ता असो किंवा लातूरच्या गंजगोलाईची गर्दी, वाहतुकीतला वेग समोरच्या मोकळ्या जागेवरून ठरवायला हवा, आणि पुढच्या बहुतेक चुका हा एक हिशेब चुकल्यामुळेच होतात.

ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी दर सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते. धोका दिसून ब्रेक दाबला जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर 25 मीटर रस्ता तेवढ्यातच संपतो आणि कोरड्या डांबरावरही गाडी थांबायला त्यापुढे आणखी पंचवीस-तीस मीटर लागतात. ताशी 40 वेगाला हे एकूण अंतर तीसेक मीटरवर येते. मग 40 ऐवजी 60 ने जाऊन वाचते काय? आठ किलोमीटरच्या रस्त्यावर चार मिनिटे, आणि तीही वाटेत एकही सिग्नल लागला नाही तर.

दुसरी चूक केवळ पायाच्या ब्रेकवर विसंबण्याची आहे. 'पुढचा ब्रेक दाबलास तर तोंडावर पडशील', असे आपल्याकडे गाडी शिकवतानाच सांगतात. मलाही तेच सांगितले होते. प्रत्यक्षात ब्रेक लागताच गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, त्यामुळे थांबवण्याची अधिक ताकद त्याच चाकात असते, तर हलक्या झालेल्या मागच्या चाकावर जोर दिला की ते जाम होऊन फरफटते आणि गाडी आडवी होते. मी पहिल्यांदा पडलो तो असाच, समोरची रिक्षा अचानक थांबल्यावर. गाडी सरळ ठेवून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा मात्र झटक्याने न दाबता क्रमाने वाढवत दाबावा. 2019 पासून 125 सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा, सक्तीचे आहे. लहान गाड्यांतले सीबीएस, म्हणजे जोडब्रेक यंत्रणा, ब्रेकचा जोर दोन्ही चाकांत वाटून देते, चाक जाम होण्यापासून वाचवत नाही, हा फरक आपल्या गाडीपुरता तरी माहीत असावा.

एसटी आणि दुभाजक यांच्यामधल्या फटीतून कट मारणे हा सरळ सरळ जिवाशी खेळ आहे, कारण चालकाला आरशात आपण दिसतच नाही.

मराठवाड्यात ऊसतोडीच्या हंगामात, म्हणजे साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात, वेगळी खबरदारी लागते. दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर ओलांडायला वाटते त्याहून बराच वेळ लागतो आणि तो इशारा न देता कारखान्याच्या किंवा शेताच्या रस्त्याला वळू शकतो. रात्री तर बाहेर लोंबणाऱ्या वाढ्यांमागे, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या पानांमागे, ट्रॉलीचे मागचे दिवे झाकले जातात आणि समोरून येणाऱ्या गाडीच्या प्रखर प्रकाशात रस्त्यात उभी असलेली ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. म्हणून आपल्या दिव्याचा प्रकाश जिथवर पोहोचतो, त्याच्या आत थांबता येईल एवढाच वेग ठेवावा.

पावसाळ्यात हीच काळजी काळ्या मातीची घ्यावी लागते. ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शिवारातली माती डांबरावर येते आणि पहिली सर पडताच साबणासारखी निसरडी होते. अशा पट्ट्यावर पोहोचण्याआधीच वेग उतरवावा. त्यावर चढल्यानंतर जोरात ब्रेक लावू नये व हँडल वळवू नये.

हेल्मेटचा हनुवटीखालचा पट्टा न लावणे ही चूक तर रोज दिसते. पट्टा सुटा असलेले हेल्मेट धडकेच्या क्षणी डोक्यावर राहतेच असे नाही.

ब्रेक खरोखरच कमी लागत असेल, तर हातातील लिव्हर पूर्ण दाबल्यावर मुठीला टेकते का, ब्रेक ऑइल खुणेच्या खाली गेले आहे का आणि टायरची नक्षी झिजली आहे का, हे आधी पाहावे व मेकॅनिककडे दाखवावे. त्यानंतर एखाद्या मोकळ्या मैदानात ताशी 30 वेगाने येऊन, खूण केलेल्या जागी दोन्ही ब्रेक दाबून, गाडी नेमकी किती पावलांवर थांबते ते स्वतः चालत मोजावे.