सूत्रकृमीला दाद न देणारं टोमॅटोचं वाण कुंडीत कसं पारखावं

सूत्रकृमी म्हणजे मातीतला धाग्यासारखा सूक्ष्म किडा; तो मुळांत शिरला की मुळांवर गाठी येतात. बियाण्याच्या पाकिटावर 'सूत्रकृमी-प्रतिकारक' छापलेलं असूनही इंदूरच्या आसपास टोमॅटो उपटला की मुळांवर गाठी दिसतात. पुष्कळदा यामागे उष्णता असते. बहुतेक प्रतिकारक टोमॅटोंमध्ये एमआय-१ हा जनुक असतो. मेलॉइडोगायनी इनकॉग्निटा, जाव्हानिका आणि अरेनारिया या सूत्रकृमीच्या तीन जातींना तो रोखतो, पण मातीचं तापमान २८ अंश सेल्सिअसच्या वर टिकून राहिलं की त्याचं काम ढिलं पडतं. एप्रिल-मेमध्ये केलेल्या चाचणीत म्हणूनच चांगलं वाणही नापास होतं. याउलट डिसेंबर-जानेवारीत माती गार पडते, सूत्रकृमीची वाढ रेंगाळते आणि कमजोर वाणही पास होऊन जातं. रोपं सप्टेंबरच्या अखेरीस कुंडीत जातील असा बेत ठेवा.

काळ्या प्लॅस्टिक पिशव्या उन्हात तापतात, तेव्हा एक किलो माती मावेल अशा मातीच्या कुंड्या घ्या. त्या विटांवर, शेडनेटखाली ठेवा आणि भोवती ओलं गोणपाट गुंडाळा. दुपारी तीनच्या सुमारास थर्मामीटर पाच सेंटीमीटर खोल खुपसून तापमान रोज लिहून ठेवा. ही नोंद नसेल तर निकालावर विसंबता येत नाही.

माळव्याची निव्वळ काळी माती या कामाला चालत नाही. तिच्यात सूत्रकृमी नीट सरकत नाही, आणि शेवटी मुळं धुताना बारीक मुळं तुटून गाठी मातीतच राहतात. दोन तगाऱ्या वाळूला एक तगारी माती असं मिश्रण करा आणि ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) १२१ अंशांवर तासभर निर्जंतुक करा. ती सोय नसेल तर मे महिन्यातच ओल्या मिश्रणाचा पातळ थर पारदर्शक पन्नीखाली कडा दाबून सहा आठवडे तापवा.

सूत्रकृमी शेतातून थेट आणू नका, कारण त्यात जातींची सरमिसळ असते. गाठीवर चिकटलेला टाचणीच्या डोक्याएवढा तपकिरी अंडीपुंज सुईने उचला. त्या एकाच पुंजापासून पुसा रूबी या सूत्रकृमीला सहज बळी पडणाऱ्या टोमॅटो वाणाच्या रोपावर दोन महिने वाढ करा. मग तिथले अंडीपुंज टिश्यू पेपर पसरलेल्या जाळीवर, तळाला जेमतेम पाणी टेकेल असे ठेवा. दोन-तीन दिवसांत पिल्लं पाण्यात उतरतात. ती ०.४ मिलिमीटरच्या आसपास लांब असतात, म्हणून मोजायला सूक्ष्मदर्शक लागतोच. एका मिलिलिटरमध्ये २०० पिल्लं येतील इतकं पाणी ठेवा.

तपासायच्या प्रत्येक वाणाच्या आठ कुंड्या करा. तुलनेला संवेदनशील म्हणून पुसा रूबी आणि प्रतिकारक म्हणून हिसार ललित लावा. चार पानांचं रोप लावून चार-पाच दिवस सावरू द्या. मग संध्याकाळी मुळांभोवती पेन्सिलीएवढी तीन भोकं करून एकूण १० मिलिलिटर पाणी सोडा, म्हणजे कुंडीत २००० पिल्लं गेली. ती तळाशी बसतात, म्हणून दर वेळी भांडं हलवूनच पिपेट (मोजून पाणी सोडायची नळी) भरा. नाहीतर पहिल्या कुंड्या उपाशी आणि शेवटच्या गच्च. त्यानंतर दिवसभर जास्त पाणी देऊ नका, पिल्लं वाहून जातात. कुंड्यांच्या जागा दर आठवड्याला बदला.

साठाव्या दिवशी रोप बादलीभर पाण्यात सोडवा, ओढू नका. गाठींचा गुणांक असा: गाठ नसेल तर ०, १-२ गाठींना १, ३-१० ना २, ११-३० ना ३, ३१-१०० ना ४, त्याहून जास्त असतील तर ५. पुसा रूबीचा गुणांक ४ पेक्षा कमी आला तर चाचणी रद्द समजा, बाकीचे आकडे कितीही छान असले तरी.

नुसत्या गाठी मोजून थांबू नका, अंडी मोजा. मुळं दोन सेंटीमीटरचे तुकडे करून ०.५ टक्के सोडियम हायपोक्लोराइटमध्ये चार मिनिटं जोरात हलवा (ब्लीच ५ टक्क्यांचं असेल तर एक भाग ब्लीच, नऊ भाग पाणी). जास्त वेळ हलवलं तर अंडी खराब होतात. वर २०० मेश आणि खाली ५०० मेश अशा चाळण्यांतून ओता (मेशचा आकडा जितका मोठा, तितकी चाळणीची भोकं बारीक). खालच्या चाळणीतली अंडी क्लोरीनचा वास जाईपर्यंत धुवा आणि ५०० मिलिलिटर पाण्यात घ्या. एक-एक मिलिलिटरचे तीन नमुने मोजून सरासरी काढा. सरासरी ६० आली तर एकूण ३०,००० अंडी. भागिले २०००, म्हणजे वाढ १५ पट.

गुणांक २ किंवा कमी आणि वाढ एक पट किंवा कमी असेल, तरच वाण प्रतिकारक. गाठी थोड्या पण अंडी भरपूर असतील तर वाण नुसतं सोसणारं आहे. मला हेच सर्वांत धोक्याचं वाटतं: पीक हिरवंगार दिसतं आणि माती पुढच्या वांग्या-मिरचीसाठी भरून जाते. गाठी खूप पण अंडी कमी, हेही प्रतिकाराचं लक्षण नव्हे. मुळं कुजून सूत्रकृमीला खायलाच उरलेलं नसतं. आठपैकी सहा रोपं स्वच्छ आणि दोन गाठींनी भरलेली निघाली तर सरासरी काढू नका. बियाण्यात भेसळ असेल किंवा वाण अजून स्थिर झालेलं नसेल. रोपवार आकडे लिहा.

काम झाल्यावर मुळं उकळत्या पाण्यात बुडवा. माती शेतात किंवा बांधावर टाकू नका. ती पुढच्या मेमध्ये पुन्हा पन्नीखाली तापवा.