डोंगराआडच्या वाडीत एफएम स्वच्छ कसं ऐकावं

वर सड्यावर रेडिओ खणखणीत वाजतो आणि खाली वाडीत नुसती खरखर. रत्नागिरी आकाशवाणीची ११४३ किलोहर्ट्झची मीडियम वेव्ह लहर सुमारे २६२ मीटर लांबीची, ती डोंगराला वळसा घालून येते. एफएमची लहर जेमतेम ३ मीटरची. डोंगराच्या धारेवरून ती थोडीच खाली वळते आणि पायथ्याच्या घरांना चुकवून पुढे जाते.

म्हणून आधी जागा शोधा. छोटा रेडिओ घेऊन परड्यात फिरा. समोरच्या डोंगरावर आपटून परतलेली लहरही मूळ लहरीत मिसळते, त्यामुळे मीटर-दीड मीटर सरकलात तरी आवाज बदलतो. पत्र्याच्या छपराखाली शोधत बसू नका. पायथ्यापासून जरा लांब, उंच जागा बहुधा बरी.

आता डायपोल, म्हणजे मधोमध केबल जोडलेल्या दोन नळ्यांची साधी अँटेना. १४२ला केंद्राच्या मेगाहर्ट्झने भागा, एकूण लांबी मीटरमध्ये मिळते. १०० मेगाहर्ट्झला १.४२ मीटर, म्हणजे अॅल्युमिनियमच्या दोन नळ्या ७१-७१ सेंटिमीटरच्या. मध्ये बोटभर फट ठेवून त्या पीव्हीसी पाइपवर एका रेषेत बसवा. एका नळीला डिशच्या केबलची आतली तार, दुसरीला बाहेरची जाळी. ही ७५ ओहमची केबल डायपोलशी छान जुळते.

तेवढ्याने भागलं नाही, तर डायपोलच्या मागे, म्हणजे केंद्राच्या उलट बाजूला, ६० सेंटिमीटरवर दीड मीटरची एक अखंड नळी समांतर लावा. तिला केबल जोडायची नाही. ती मागची लहर अडवते. पुढची बाजू थेट केंद्राकडे न करता डोंगरातल्या खिंडीकडे करून बघा. बऱ्याचदा लहर तिथूनच उतरते. मग नळ्या आडव्या-उभ्या करून जास्त स्वच्छ ते ठेवा.

खांबाला बांबू चालतो. माडाला मात्र बांधू नका. वाऱ्याने शेंडा डुलतो, दिशा बिघडते, आणि झावळ पडली की अँटेनाही खाली. खांब आडवा पडला तरी विजेच्या तारेला लागणार नाही, एवढं अंतर हवंच.

कोकणात अँटेना खाते ती खारी हवा. तांब्याची तार अॅल्युमिनियमला जिथे भिडते तिथे आधी पांढरा गंज, मग खरखर. सांध्यावर ग्रीस लावून रबरी टेप घट्ट गुंडाळा, केबलचं उघडं तोंडही बुजवा. घरात शिरण्याआधी केबलला खाली एक झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथेच ठिबकेल.

रेडिओला सॉकेट नसेल तर आतली तार चिमट्याने त्याच्या दांडीला लावा. वळवाच्या आणि परतीच्या पावसात गडगडायला लागण्याआधीच केबल काढून घराबाहेर ठेवा. गडगडाट सुरू झाला असेल तर तिला हात लावू नका.