तारकर्लीला निघण्याआधी: पाण्यावर निवांत राहण्याची तयारी

स्कूबाचा कोर्स करून यंदा तारकर्लीला निघणार असाल, तर बॅग भरायच्या आधी नाशिकातच एक संध्याकाळ पोहण्याच्या तलावासाठी राखून ठेवा. प्रशिक्षक सोबत हवाच. खोल पाण्याची धास्ती सगळ्यांना असते, पण दमछाक होते ती वर, बोटीची वाट बघत लाटांवर हेलकावे खाताना. आणि तिचं मूळ बहुतेक वेळा खाली जाण्यासाठी कमरेला बांधायच्या शिशाच्या पट्ट्यात असतं.

म्हणून पहिलं काम वजनाचं. सगळा सरंजाम चढवून खोल भागात उभे राहा, पाय हलवू नका, बीसीडी जॅकेटमधली (तरंगण्यासाठी हवा भरायचं जॅकेट) हवा पूर्ण सोडा आणि नेहमीसारखा श्वास घेऊन धरा. पाणी डोळ्यांच्या रेषेत यावं आणि श्वास सोडल्यावर तुम्ही हळूहळू खाली जावं. सिलिंडर भरलेला असेल तर पट्ट्यात साधारण 2 किलो आणखी घाला. डाइव्ह संपेपर्यंत जवळपास तेवढ्या वजनाची हवा वापरून झालेली असते. आकडा वहीत लिहा, सोबत वेटसूट आणि सिलिंडर कोणता होता तेही. तलावाचं पाणी गोडं, समुद्राचं सुमारे अडीच टक्के जड. सामानासकट तुम्ही 100 किलो भरत असाल, तर तिकडे आणखी अडीच किलो शिसं लागेल.

पण ‘असू दे थोडं जास्त’ म्हणून वजन वाढवू नका. मी वाढवलं होतं, 3 किलो. वर राहायला जॅकेट इतकं फुगवावं लागलं की व्हॉल्व्हमधून हवा फुसफुसायला लागली, पट्टे बरगड्यांवर आवळले आणि श्वास अर्ध्यातच अडकायला लागला. सोबतच्याने इन्फ्लेटर, म्हणजे जॅकेटमध्ये हवा भरायची-सोडायची नळी, वर धरून थोडी हवा सोडली, मला मागे रेलायला लावलं, तेव्हा कुठे छाती मोकळी झाली.

मागे रेलणं हा दुसरा सराव. गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीवर, पाठीला डबा बांधून पोहायला शिकलेल्यांना हे लगेच कळेल: डबा पाठीवर, म्हणून तोंड पाण्याकडे. पाठीमागे फुगणारं जॅकेट वर आल्यावर तसंच पुढे ढकलतं. त्याच्याशी झगडू नका, थोडी हवा कमी करा, आरामखुर्चीत बसल्यासारखे मागे टेका आणि फिन्स (पायातले पंख) संथ हलवा. उभ्याने हातपाय मारत राहिलात तर पाच मिनिटांत गळून जाल.

इन्फ्लेटर तोंडाने फुगवायची सवयही इथेच करा: फिन्सने थोडं वर या, श्वास घ्या, खाली येताना बटण दाबून फुंका. वजनाच्या पट्ट्याचं बक्कल डोळे मिटून उजव्या हाताने उघडता आलं पाहिजे. शिट्टी जॅकेटला बांधलेली असू द्या. आणि बोटीच्या शिडीला हात लागेपर्यंत रेग्युलेटर (सिलिंडरची हवा देणारं तोंडातलं यंत्र) किंवा स्नॉर्कल (श्वासाची नळी) तोंडातून काढायचा नाही. मास्क कपाळावर सरकवायचा मोह तिथेच होतो.

परतीचं नियोजनही आत्ताच करा. आंबोलीचा घाट 600 मीटरच्या वर चढतो आणि उंचीवर हवेचा दाब कमी झाला की डाइव्हनंतर अंगात उरलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होऊ शकतात, त्यामुळे डाइव्ह आटोपून लगेच गाडी काढू नका. एकच डाइव्ह असेल तर किमान 12 तास, जास्त असतील तर 18 तास मालवणातच थांबा. मुक्कामाची खोली त्या हिशोबाने एक रात्र जास्तीची घ्या.