पेटी आपली, केबल सरकारची: इंदूरच्या रस्त्याकडेला ईव्ही चार्जर

रामबाग, नारायण बाग किंवा राजवाड्यामागच्या जुन्या गल्ल्यांत विजेवरची गाडी (ईव्ही) रात्री रस्त्यावरच उभी राहते. वाडा पाडून फ्लॅट झाले, पण खाली पार्किंग आलं नाही. मग दुसऱ्या मजल्याच्या खिडकीतून एक्स्टेन्शन बोर्ड खाली सोडला जातो. हे बंद करा. साध्या सॉकेटमधून सहा-आठ तास सलग १२ ते १५ अँपिअर ओढले की वायर टिकते, पण सैल पिन आधी तापते आणि मग वितळते. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३च्या सुरक्षा विनियमांतही वाहन चार्ज करताना एक्स्टेन्शन कॉर्ड वापरायला मनाई आहे.

रीतसर चार्जर बसवायचा म्हटलं की पहिला प्रश्न अनुदानाचा येतो. विजेवरच्या वाहनांसाठीची केंद्राची जुनी फेम-२ योजना ३१ मार्च २०२४ रोजी संपली, तिच्या नावाचे फॉर्म अजून मोबाइलवर फिरताना दिसले तर सोडून द्या. सध्या चालू आहे ती केंद्राचीच पीएम ई-ड्राइव्ह. ही योजना १ ऑक्टोबर २०२४ पासून सुरू झाली, पुढे तिला ३१ मार्च २०२८ पर्यंत मुदतवाढ मिळाली, आणि सार्वजनिक चार्जिंगसाठी तिच्यात २,००० कोटी रुपये राखून ठेवले आहेत. २०११च्या जनगणनेत दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या शहरांना तिच्यात प्राधान्य आहे आणि इंदूर त्यांत बसतं. शिवाय मध्य प्रदेशच्या २०२५च्या ईव्ही धोरणात इंदूर आणि ग्वाल्हेर ही दोन्ही 'मॉडेल ईव्ही' शहरं आहेत.

एक गोष्ट आधीच नीट समजून घ्या. या योजनेत घरमालक, दुकानदार किंवा गल्लीतलं मंडळ स्वतःच्या नावाने अर्ज करत नाही. महापालिका किंवा दुसरी सरकारी संस्था जागांची यादी करते, ती राज्याच्या नोडल एजन्सीमार्फत (या कामासाठी नेमलेल्या संस्थेमार्फत) अवजड उद्योग मंत्रालयाच्या पोर्टलवर चढते, आणि तपासणीचं काम भेल ही सरकारी कंपनी पाहते. त्यामुळे 'तुमच्या नावावर सबसिडी पास करून देतो, नोंदणीचे इतके भरा' म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तुमच्या हातात असलेलं काम वेगळं आहे: आपली जागा त्या यादीत जावी, आणि ती तपासणीत गळू नये.

आता पैसे. अनुदान जागेवर ठरतं आणि रस्त्याकडेची जागा यात सगळ्यात खालच्या पायरीवर आहे. सरकारी कार्यालय, रुग्णालय किंवा शिक्षणसंस्थेच्या आवारात चार्जर सगळ्यांसाठी खुला ठेवला, तर वीजजोडणीच्या कामाचे आणि यंत्राचेही १०० टक्के मिळतात. महापालिकेचं पार्किंग, बसस्थानक, रेल्वे स्टेशन अशा ठिकाणी जोडणीचे ८० टक्के आणि यंत्राचे ७० टक्के. रस्त्याची कड, बाजारपेठ, मॉल इथे जोडणीचे ८० टक्के मिळतात, यंत्राचा एक रुपयाही नाही. जोडणीचं काम म्हणजे डीपीपासून चार्जरपर्यंतचं सगळं: ट्रान्सफॉर्मर, केबल, वितरण पेटी, ब्रेकर, खोदाई, चौथरा, कुंपण.

५० किलोवॉटचा एक सीसीएस-२ (मोटारींच्या जलद चार्जिंगचा प्लग) चार्जर धरून हिशेब मांडू. योजनेत त्याच्या जोडणीचा कमाल खर्च ६.०४ लाख आणि यंत्राचा ७.२५ लाख धरला आहे. रस्त्याकडेला बसवलात तर ४.८३ लाख मिळतील. तोच चार्जर पन्नास पावलांवरच्या महापालिकेच्या पार्किंगमध्ये हलवला तर साधारण ९.९० लाख. सरकारी शाळेच्या कुंपणाला लागून, बाहेरून गाडी लावता येईल असा बसवला तर १३.२९ लाख. म्हणून आधी परिसरात फेरफटका मारा: सरकारी दवाखाना, शाळा, झोन ऑफिस, पाण्याच्या टाकीचं आवार यांपैकी काय जवळ आहे ते बघा. फुटपाथचा हट्ट धरणं म्हणजे पाच लाख सोडून देणं.

आणि फक्त स्कूटर चार्ज करायच्या असतील, तर या फंदात पडूच नका. ३.३ किलोवॉटचा छोटा एसी पॉइंट (मानक आयएस १७०१७, भाग २२) स्वतःच्या भिंतीवर, स्वतःच्या हद्दीत बसतो. खर्च इतका कमी येतो की अनुदानाच्या चकरांत त्याहून जास्त पेट्रोल जळेल. घरच्या मीटरवरून आपली गाडी चार्ज करायला वेगळी परवानगीही लागत नाही.

रस्त्याकडेलाच बसवायचं ठरलं, तर टेप घेऊन बाहेर पडा. पहिलं माप डीपीपासूनच्या अंतराचं. अनुदान केबलवर असलं तरी त्याला कमाल मर्यादा आहे, आणि लांब खोदाईत ती बघता बघता ओलांडली जाते. वरचा फरक तुमच्या किंवा चार्जर चालवणाऱ्या कंपनीच्या खिशातून जातो. ५० किलोवॉटला तीन फेजवर साधारण ८० अँपिअर लागतात. ६० मीटरपर्यंत ५० चौरस मिलिमीटरची साडेतीन कोअर (तीन पूर्ण आणि एक कमी जाडीची तार) अॅल्युमिनियम आर्मर्ड, म्हणजे लोखंडी कवचाची केबल पुरते, व्होल्टेज जेमतेम दीड टक्का पडतं. अंतर दुप्पट असेल तर वरच्या साइझला जा.

दुसरं माप फुटपाथचं. चार्जरची पेटी बसल्यावर पायी चालणाऱ्याला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी उरली पाहिजे. ती उरत नसेल तर महापालिका नाही म्हणेल, आणि तिचं बरोबरच असेल. पेटी फुटपाथच्या मध्यावर नको, कडेला हवी. सॉकेट जमिनीपासून किमान ८०० मिलिमीटर उंच, आणि उभी गाडी चार्जिंग पॉइंटपासून ५ मीटरच्या आत. जुलैमध्ये त्या कोपऱ्यावर पाणी कुठवर चढतं ते समोरच्या दुकानदाराला विचारा. चौथरा त्या रेषेच्या वर घ्या. सराफ्यासारख्या रस्त्यावर दिवसा जागा दिसते आणि रात्री तिथे खाऊगल्ली भरते, म्हणजे नेमकं चार्जिंगच्या वेळी गाडी लावता येत नाही. जागा रात्री दहा वाजता पुन्हा एकदा पाहून या.

कागद दोन ठिकाणी द्यावे लागतात, आणि इंदूरमध्ये दोन्ही ठिकाणांना 'झोन'च म्हणतात. महापालिकेच्या झोनला जागेची मागणी: नकाशा, मापं, चारही बाजूंचे फोटो, वॉर्ड क्रमांक. सरकारी जागेसाठी केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक युनिटमागे १ रुपयाचा महसूल-वाटा सांगितला आहे. चार्जर चालवणाऱ्या खासगी कंपनीसाठी बोली त्या १ रुपयापासून सुरू होते. त्यामुळे ठरीव मासिक भाडं मागितलं गेलं तर हा मुद्दा लेखी मांडा. पश्चिम क्षेत्र वीज वितरण कंपनीच्या झोनला लोडचा, म्हणजे किती वीज लागणार त्याचा अर्ज. त्यात वर्गवारी एलव्ही-६ लिहा, हीच ईव्ही चार्जिंगची आहे. व्यावसायिक वर्गवारीत मीटर लागलं की बदलून घेताना महिने जातात. विजेचं जाळं वाढवायची गरज नसेल तर जोडणी नियमाने महानगरात ३ दिवसांत आणि इतर पालिका क्षेत्रांत ७ दिवसांत मिळायला हवी. नवीन ट्रान्सफॉर्मर लागणार असेल तर हा हिशेब विसरा. म्हणून अर्जाआधीच कनिष्ठ अभियंत्याकडून डीपीवर किती लोड शिल्लक आहे ते लेखी घ्या. महापालिकेच्या प्रस्तावालाही हाच कागद वजन देतो.

खोदाईचे आकडे ठेकेदाराच्या करारातच घाला: केबल ७५० मिलिमीटर खोल, खाली-वर वाळू, त्यावर विटांचा थर आणि इशारा पट्टी. रस्ता ओलांडताना १ मीटर खोल, पाइपातून. नर्मदेच्या पाण्याची लाइन, ड्रेनेज आणि गॅस कुठून जातात ते आधी विचारून घ्या. खड्डा बुजवण्यापूर्वी टेप लावून फोटो काढा. एकदा फरशी बसली की केबल खरंच किती खोल आहे ते कोणालाच सांगता येत नाही.

चौथरा आणि अर्थिंग यांत माळव्याची काळी माती सगळ्यांना चकवते. ती पावसाळ्यात फुगते आणि मे महिन्यात बोटभर फटी पडेपर्यंत आकसते. उथळ पाया दोन वर्षांत कलतो. काळी माती काढून टाका, मुरूम भरून कुटा, मग काँक्रीट. उन्हाळ्यात अर्थचा रोधही वाढतो. चार्जर अर्थिंग तपासतच असतो, कमी वाटलं की सप्लाय तोडतो, आणि गाडीवाला म्हणतो 'मशीन बिघडलं'. मशीन ठीक असतं, खड्डा कोरडा असतो. दोन स्वतंत्र अर्थ खड्डे घ्या, उन्हाळ्यात त्यांत पाणी घाला, आणि मापन मेमध्ये करा. ऑगस्टमध्ये सगळेच पास होतात.

आरसीडी (करंट गळला की सप्लाय तोडणारा स्विच) ३० मिलिअँपिअरचा, किमान टाइप ए. बाजारात स्वस्त मिळतो तो टाइप एसी, तो इथे चालत नाही. प्रत्येक पॉइंटला स्वतंत्र आरसीडी आणि स्वतंत्र ब्रेकर हवा, नाहीतर एका गाडीचा दोष सगळ्यांना अंधारात टाकतो. ३२ अँपिअरच्या पॉइंटला ४० चा एमसीबी लावा, ३२ चा सलग चार तासांत तापून पडतो. आरसीडी उगाच पडत असेल तर आधी आतल्या पेटीत न्यूट्रल आणि अर्थ एकत्र बांधलेत का ते बघा. बहुतेक वेळा तेच असतं.

बिल हातात आलं की जीएसटी तपासा: चार्जरवर ५ टक्के, केबल आणि पॅनेलवर १८. सगळं मिळून एकच 'टर्नकी' बिल घेतलं तर जास्तीचा कर बसतो, आणि जोडणीचा खर्च वेगळा दाखवता न आल्याने अनुदानाचा हिशेबही अडकतो. दोन बिलं मागा. अनुदान ७० आणि ३० टक्के अशा दोन हप्त्यांत येतं. दुसरा हप्ता चार्जर चालू होऊन राष्ट्रीय ईव्ही नेटवर्कशी जोडला गेल्यावरच. ही जोडणी मोबाइल सिमवरून होते, आणि इथे सिग्नल आडवं येतं: गल्लीत, उंच भिंतींमध्ये, लोखंडी पेटीच्या आत. दोन कंपन्यांची सिम घालून पेटीच्या जागेवरच तपासा, अँटेना बाहेर काढायची सोय आधीच ठेवा.

दर ठरवताना दिवसाची वीज हिशेबात धरा. केंद्राच्या सूचनांनुसार चार्जिंग स्टेशनला सकाळी ९ ते दुपारी ४ या वेळात सरासरी पुरवठा खर्चाच्या ०.७ पट आणि इतर वेळी १.३ पट दर अपेक्षित आहे. प्रत्यक्ष आकडा राज्य वीज नियामक आयोगाच्या चालू दरपत्रकातून घ्या. ग्राहकाकडून घ्यायच्या रकमेवर १८ टक्के जीएसटी आहे, तो फलकावर दरात धरूनच लिहा, म्हणजे रोजची हुज्जत टळते.

शेवटचं काम रंगाचं आणि बोलार्डचं (गाडी अडवणाऱ्या खांबांचं), आणि ते पहिल्याच दिवशी करा. पट्टे मारले नाहीत तर संध्याकाळपर्यंत तिथे कुणाची तरी पेट्रोल गाडी लागते. पट्टे असूनही लागली तर फोटो काढून महापालिकेच्या ३११ अॅपवर तक्रार टाका. पेटीपुढे दोन लोखंडी बोलार्ड काँक्रीटमध्ये बसवा, मधलं अंतर दीड मीटरच्या आत ठेवा, नाहीतर रिव्हर्समध्ये मागे येणारा पहिला लोडिंग रिक्षा थेट पेटीला भिडेल.