गच्चीवरची वाळवलेली टमाटरं

कुरडया-सांडगे गच्चीवर जातात, त्याच दिवसांत टमाटरंही वाळवून घ्यावीत. नागपूरचं एप्रिल-मेचं ऊन कडक आणि हवा कोरडी, त्यामुळे 3-4 दिवसांत काम होतं. ढग दिसले की मात्र त्या दिवशी घाट घालू नये.

लांबट, जाड गराची, लाल पण टणक टमाटरं घ्या. गावठी भेदरं, म्हणजे देशी टमाटरं, चवीला झक्कास, पण त्यांत पाणी फार. ती चटणीलाच बरी. धुऊन, पुसून, उभी अर्धी चिरा. बिया-रस काढून वरणात टाका. किलोला 2 चहाचे चमचे मीठ कापलेल्या बाजूवर भुरभुरा आणि तीच बाजू वर ठेवून स्टीलच्या जाळीवर किंवा सुपात मांडा. ॲल्युमिनियमची परात नको, आंबटपणा तिला लागतो. वरून मलमल अशी ताणा की फोडींना चिकटणार नाही. दिवस मावळायच्या आत घरात आणा. रात्रीच्या दमटपणानेच बुरशी धरते. दुसऱ्या दिवशी उलटवा.

फोड वाकली पाहिजे, पण दाबल्यावर ओल सुटता कामा नये. वरून चामड्यासारखी झाली तरी आत ओली राहू शकते, सगळ्यात जास्त माल इथेच वाया जातो. म्हणून बरणी दोन तृतीयांश भरून आठवडाभर रोज हलवा. काचेला आतून घाम दिसला तर पुन्हा ऊन दाखवा. मग 2 दिवस फ्रीझरमध्ये ठेवा, म्हणजे किड्यांची अंडी मरतात. किलोतून जेमतेम 60-80 ग्रॅम हाती लागतं.

पाणी उडालं की लायकोपीन (टमाटराला लाल रंग देणारं द्रव्य), तंतू आणि पोटॅशियम दाटतं. क जीवनसत्त्व मात्र उन्हात बरंच घटतं. लायकोपीन तेलासोबत अंगी लागतं, तेव्हा फोडणी कंजूषपणे करू नका. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी पोटॅशियममुळे डॉक्टरांना विचारूनच खावं.

वापरण्याआधी कोमट पाण्यात 20-30 मिनिटं भिजवा. ते पाणी खिचडीत घाला, पण मीठ बेतानं. भिजलेल्या 8-10 फोडी, मूठभर भाजलेले शेंगदाणे, 4 लसूण पाकळ्या आणि 2 सुक्या मिरच्या एकत्र वाटल्या की भाकरीसोबतची चटणी तयार. कडक वाळलेल्या फोडींची पूड झुणक्यात आणि वांग्याच्या भरितात चांगली लागते.

तेलात घालून ठेवायची हौस असेल तर कच्चा लसूण त्यात टाकू नका. तेलाखाली हवा नसते, तिथे बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि वासावरून ते कळत नाही. थोडंच करा, फ्रिजमध्ये ठेवा आणि 4-5 दिवसांत संपवा.