कोरे चेहरे, दुभंगलेलं सभागृह: 'फॉलन लीव्ह्ज' दाखवायचा आणि त्यावर बोलायचं कसं

फिनलंडचा दिग्दर्शक आकी कौरिसमाकी याचा 'फॉलन लीव्ह्ज' (2023) संपून दिवे लागले की प्रेक्षकांत हमखास दोन तट पडतात. कोणी हलकेच डोळे टिपतो, तर त्याच्याच शेजारचा विचारतो, "यात विनोद नेमका कुठे होता?" चित्रपट जेमतेम 81 मिनिटांचा, कथा एका ओळीत सांगता येईल अशी. हेलसिंकीतली एक एकटी बाई आणि एक दारुडा कामगार भेटतात, चुकामूक होते, पुन्हा भेटतात. एवढ्याशा गोष्टीवरून इतके टोकाचे मतभेद होण्याचं कारण साधं आहे. पडद्यावरची भावना चेहऱ्यात आणि आवाजात शोधायची आपली सवय असते. कौरिसमाकी ती तिथून उचलून वस्तूंत, रंगांत, गाण्यांत आणि दोन दृश्यांमधल्या गाळलेल्या जागेत ठेवतो. ज्याला ती जागा सापडते त्याला चित्रपट भरून येतो, ज्याला सापडत नाही त्याला पुतळे बोलताना दिसतात. फिल्म क्लबमध्ये असा चित्रपट लावणाऱ्याचं काम प्रेक्षकाला ती जागा दाखवण्याचं. आवडून घ्यायला लावणं हे त्याचं काम नाही.

आधी तांत्रिक बाजू, कारण अर्धी नाराजी तिथूनच सुरू होते. टीव्हीवर दाखवत असाल तर हालचाल गुळगुळीत करणारं 'मोशन स्मूदिंग' बंद करा आणि चित्राचा मोड 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' ठेवा. 'व्हिव्हिड' मोडमध्ये छायाचित्रकार टिमो साल्मिनेनने जपून लावलेले लाल आणि निळे-हिरवे रंग भडक होतात, आणि कोपऱ्यातला तो मुद्दाम राखलेला अंधार फिका पडतो. पडदा भरावा म्हणून चौकट ताणू नका. भाषा मूळ फिनिशच ठेवा. डब केलेली आवृत्ती इथे घातक आहे, कारण डबिंग करणारे कलाकार वाक्यात भावना भरतात आणि विनोद तिथेच मरतो. सबटायटल्स आधी पूर्ण तपासा. गाण्यांच्या ओळी आणि रेडिओवरच्या युक्रेन युद्धाच्या बातम्या सबटायटल्समध्ये नसतील तर ती फाइल बदला, कारण निम्मा आशय त्यांतच आहे. मध्यंतर अजिबात नको.

प्रास्ताविक तीन मिनिटांपेक्षा लांबवू नका. "हा विनोदी चित्रपट आहे" असं म्हणालात की लोक हशाची वाट बघत बसतात. "याला कान चित्रपट महोत्सवात ज्युरी पुरस्कार मिळाला" हे सुरुवातीलाच सांगितलंत की न आवडणाऱ्याला आपणच कमी पडलो असं वाटतं, आणि मग तो चिडतो. पुरस्काराचं नंतर सांगा. सुरुवातीला तीनच गोष्टी पुरेत: पात्रं मुद्दाम सपाट बोलतील, महत्त्वाच्या घटना पडद्याबाहेर घडतील, आणि हसू आलं तर दाबायचं नाही. तिसरी गोष्ट क्षुल्लक वाटते, पण या चित्रपटांत इथे हसा असं सांगणारं संगीत नसतं, कलाकारही थांबून टाळीची वाट पाहत नाहीत. पहिलं कोणी हसत नाही, म्हणून मग कोणीच हसत नाही.

एक मोह आवर्जून टाळा: "फिनलंडचे लोक असेच असतात." यातली पात्रं बोलतात ती प्रमाण, पुस्तकी फिनिश. रस्त्यावरची, रोजची फिनिश तिच्यापासून बरीच लांब आहे. म्हणजे हेलसिंकीच्या प्रेक्षकालाही हे बोलणं कृत्रिमच वाटतं आणि गंमत त्या विसंगतीत आहे: खिशात दमडी नसलेला कामगार छापील वाक्यात बोलतो. सबटायटल्समध्ये हे उतरत नाही, म्हणून एका वाक्यात तोंडी सांगून टाका.

चित्रपट संपल्यावर लगेच "आवडला का?" विचारू नका. एकदा हात वर केला की माणूस पुढचा अर्धा तास आपली बाजू लढवत बसतो. त्याऐवजी प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या, पाच मिनिटं द्या, आणि दोनच नोंदी मागा: कुठल्या दृश्यात हसू आलं किंवा गलबललं, आणि कुठे कंटाळा आला. नावं नकोत. चिठ्ठ्या गोळा करून मोठ्याने वाचा. बहुतेक वेळा एकच दृश्य दोन्ही रकान्यांत येतं. चर्चा तिथून सुरू करा.

बऱ्याचदा ते दृश्य जेवणाचं असतं. आन्सा, म्हणजे ती एकटी बाई, पाहुणा येणार म्हणून दुसरी ताटली आणि काटा-सुरी विकत आणते. एवढ्या वयाच्या बाईच्या घरात दुसरी ताटलीच नाही, हे कोणी बोलून दाखवत नाही. पाहुण्याच्या, म्हणजे कामगार होलाप्पाच्या, दारूवरून बिनसतं, तो निघून जातो, आणि ती नवी ताटली कचऱ्यात टाकते. रडणं नाही, पार्श्वसंगीताची उसळी नाही. कंटाळा आला असं लिहिणाऱ्यांना हे दृश्य पुन्हा दाखवा आणि या वेळी फक्त हातांकडे आणि टेबलाकडे पाहायला सांगा. तसंच सिनेमागृहाबाहेरच्या सिगारेटच्या थोटकांचं. तिचा फोन नंबर लिहिलेला कागद त्याच्याकडून हरवतो, तिचं नावही त्याला माहीत नसतं, म्हणून तो तिथे येऊन उभा राहतो. ती पोचते तेव्हा तो नसतो, जमिनीवर थोटकं पडलेली असतात. त्याची वाट पाहणं तिला आणि आपल्याला एकदमच कळतं.

आक्षेप ठरलेले असतात, पण सगळे एका वजनाचे नसतात.

"यांना अभिनय येत नाही" याचं उत्तर सोपं आहे. आन्सा झालेल्या आल्मा पोउस्तीने 'टोवे' (2020) मध्ये लेखिका-चित्रकार टोवे यान्सनची भूमिका केली आहे, होलाप्पा झालेला युस्सी वातानेन फिनलंडमध्ये लोकप्रिय विनोदी चित्रपटांतून ओळखला जातो. दोघांनाही चेहरा हलवता येतो. दिग्दर्शकाला तो हललेला नको आहे.

"काहीच घडत नाही" याला वाद घालून उत्तर देऊ नका, फळा घ्या. घडलेल्या गोष्टी लोकांनाच सांगायला लावून एकाखाली एक लिहा: मुदत संपलेला पदार्थ घेतला म्हणून सुपरमार्केटमधली नोकरी गेली, विजेचं बिल आलं, दारूपायी त्याची नोकरी गेली, नंबर हरवला, भांडण झालं, कुत्रा घरी आला, अपघात झाला. यादी एखाद्या मेलोड्रामाची निघते. घटना भरपूर आहेत, त्यांचा कळस तेवढा कापलेला आहे, आणि कापलेला भाग प्रेक्षकाने भरायचा असतो.

"हा कुठला काळ आहे?" हा प्रश्न चांगला आहे. जुना रेडिओ, जुनाट बार, पण बातम्या युक्रेनच्या आणि भिंतीवरचं कॅलेंडर 2024 चं. काळाची ही सरमिसळ चुकून झालेली नाही. कौरिसमाकीच्याच 'द मॅच फॅक्टरी गर्ल' (1990) मध्येही जेवणाच्या वेळी टीव्हीवर 1989 च्या, बीजिंगच्या तिआनानमेन चौकातल्या आंदोलनाच्या बातम्या चालू असतात. घर काळाबाहेरचं, आणि जग मात्र आवाजाच्या रूपाने घुसत राहतं.

पुढचे तीन आक्षेप मात्र खरे आहेत, आणि ते समजावून मिटवू नयेत. एक, गरिबी फार देखणी दिसते: कंत्राटी, कधीही काढून टाकता येईल अशी नोकरी असलेल्या बाईचं घर इतकं नेटकं, प्रत्येक रंग जागच्या जागी. दोन, दारू सुटणं फार स्वस्तात होतं: बाटल्या मोरीत ओतल्या की सुटली. व्यसनाशी जवळून संबंध आलेल्या प्रेक्षकाला हे खटकतं, आणि त्याला खटकू द्यावं. तीन, कौरिसमाकी तोच चित्रपट पुन्हा काढतो. 'शॅडोज इन पॅरडाइज' (1986) मध्ये कचरागाडीवरचा कामगार आणि सुपरमार्केटची कॅशियर होते, आणि तिचीही नोकरी जाते. पुनरावृत्ती म्हणायची की सदतीस वर्षांनी कामगाराची स्थिती तिथेच आहे असं म्हणायचं, यावर क्लबने भांडावं. आमच्या मते पहिला आक्षेप सर्वांत जड आहे. हा नेटकेपणा त्या माणसांचा मान राखतो हे खरं, पण पोट जाळणारी भीती त्यात दिसेनाशी होते.

चर्चेची गाडी हमखास अडते ती जाणकारांपाशी. कोणीतरी फ्रेंच दिग्दर्शक ब्रेसाँ आणि जपानी दिग्दर्शक ओझू यांचा धागा काढतो आणि बाकीचे गप्प होतात. धागा खोटा नाही, कौरिसमाकीने या दोघांचं ऋण उघडपणे मानलं आहे. पण तो दहा मिनिटं चालू देऊ नका. चित्रपटातच याची थट्टा आहे: झोम्बींचा चित्रपट पाहून बाहेर पडलेले दोन प्रेक्षक ब्रेसाँ आणि दुसरा फ्रेंच दिग्दर्शक गोदार यांच्या चित्रपटांशी त्याची तुलना करतात, अगदी गंभीरपणे. तेवढी आठवण करून दिली की जाणकार स्वतःच हसतो.

पुढच्या वेळी काय लावायचं ते या वेळच्या चिठ्ठ्यांवरून ठरवा. ज्यांना ऊब जाणवली पण कथा अपुरी वाटली त्यांच्यासाठी 'ड्रिफ्टिंग क्लाउड्स' (1996): फिनलंडमधल्या 1990 च्या दशकाच्या सुरुवातीच्या मंदीत ट्राम चालवणारा नवरा आणि रेस्तराँत काम करणारी बायको दोघंही बेकार होतात, आणि पैशाची भीती इथे जास्त बोचते. विनोद दिसलाच नाही असं लिहिणारे जास्त असतील तर 'द मॅन विदाउट अ पास्ट' (2002) लावा. स्मृती गेलेला माणूस हेलसिंकीच्या बंदराजवळ कंटेनरमध्ये राहतो, प्रसंग इतके विचित्र आहेत की हशा लवकर फुटतो. 'द मॅच फॅक्टरी गर्ल' दुसऱ्या खेपेला नको. तो सत्तर मिनिटांच्या आतबाहेरचा आणि कमालीचा बांधीव आहे, पण त्यात सुटका नाही. नाराज प्रेक्षक तो पाहून तिसऱ्या वेळी येत नाही. तो चौथ्या-पाचव्या खेपेसाठी ठेवा, लोक कोऱ्या चेहऱ्यांना सरावले की.