क्लबची फ्लाय फिशिंग सहल आणि स्पर्धा: या चुका टाळा, निदान त्याच त्या तरी

गेली काही वर्षं आमच्या क्लबच्या फ्लाय फिशिंगच्या, म्हणजे गळावर बांधलेल्या नकली किड्याने (फ्लायने) मासे पकडण्याच्या, सहली आणि वर्षाकाठची एक स्पर्धा मी बघतो. बघतो म्हणजे यादी करतो, काठावर शिट्टी वाजवतो आणि संध्याकाळी भांडणं मिटवतो. ही भांडणं माशांवरून कमी होतात, ‘हे आधी कुठे ठरलं होतं?’ यावरून जास्त. आणि आधी का ठरलेलं नसतं, तर विषय काढला रे काढला की कुणीतरी म्हणतंच, “अहो, मैत्रीचीच तर स्पर्धा आहे, एवढं काय त्यात!” हे वाक्य कानावर पडलं की मी हल्ली वही जवळ ओढतो आणि सगळं लिहून घेतो. एकदा का मासा लागून रॉड, म्हणजे गळाची काठी, वाकली की शहाण्यासुरत्या माणसाचंही डोकं ठिकाणावर राहत नाही. नियम ठरवायचे ते घरी, चहा पिताना.

“सगळ्यात मोठा मासा जिंकणार, सोपं आहे”

हा नियम एकदा मी स्वतः केला होता, त्यामुळे त्याला शिव्या घालायचा पहिला हक्क माझा. आमची ती पहिलीच स्पर्धा. वेळ तीन तास, बक्षीस एकच, सगळ्यात लांब ट्राऊटला (थंड पाण्यातला मासा, आम्ही त्याच्याच मागे असतो). मोजपट्टीही एकच आणि ती माझ्या टेबलावर. टेबल मांडलं होतं गाड्या लावल्या होत्या तिथे, छान सावलीत. मासा बादलीतून आणायचा, मी मोजणार, मग परत नेऊन सोडायचा. कागदावर हे इतकं नीटनेटकं दिसत होतं की माझं मलाच कौतुक वाटलं.

पहिले दोन मासे आले आणि गेले. तिसरा घेऊन आला एक तरुण सभासद, क्लबात येऊन त्याला जेमतेम तीन महिने झालेले. मासा खरोखर देखणा होता. पण बारीक टिपेट (लाईनच्या टोकाचा, फ्लायला बांधायचा बारीक दोरा) लावल्यामुळे ओढायची भीती, म्हणून त्याने तो बराच वेळ खेळवला होता. मग फोटो काढले. मित्राचा राहिला म्हणून आणखी एक. मग बादली आणि तीनशे पावलांचा चढ. माझ्यापुढे आला तेव्हा माशाचे कल्ले जेमतेम हलत होते. मी मोजला, 46 सेंटिमीटर. आम्ही धावत खाली उतरलो आणि गुडघाभर पाण्यात उभे राहून, प्रवाहाकडे तोंड करून वीस मिनिटं त्याला धरून ठेवलं. नाही जगला. संध्याकाळी बक्षीस त्या तरुणालाच द्यावं लागलं, कारण नियम तसा होता. टाळ्या दोघातिघांनीच वाजवल्या. पोरगा पुढच्या सहलीला आलाच नाही, आणि त्याला दोष तरी काय द्यायचा? टेबल मी मांडलं होतं.

1992 साली प्रसिद्ध झालेला एक कॅनेडियन प्रयोग मी त्यानंतर वाचला. रेनबो ट्राऊट दमेपर्यंत पळवले आणि त्यातल्या काहींना पाण्याबाहेर धरलं. नुसते दमलेले 12 टक्के मेले, 30 सेकंद हवेत राहिलेले 38 टक्के आणि पूर्ण मिनिटभर राहिलेले 72 टक्के. हे प्रयोगशाळेतले मोजके मासे होते, प्रत्येक नदीवर हेच आकडे निघतील असं नाही. पण कारण सगळीकडे तेच. पाण्यात पसरलेले कल्ल्यांचे पापुद्रे हवेत एकमेकांना चिकटतात, आणि धावून धापा टाकणाऱ्याचं नाक दाबावं तशी माशाची गत होते. त्यात एक मिनिट म्हणजे दोन फोटो आणि एक “थांब, हसरा चेहरा कर.”

आता आमच्याकडे टेबल नाही. मासा जाळीतच राहतो, जाळी पाण्यातच राहते. जाळी रबराची, गाठी नसलेली, म्हणजे अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जात नाही. हात ओले करूनच लावायचे, त्याचंही कारण हेच. जाळीच्या दांड्यावर सेंटिमीटरच्या खुणा केलेल्या असतात. प्रत्येकासोबत एक जोडीदार असतो. एक मासेमारी करतो, दुसरा मोजतो आणि लिहितो, अर्ध्या वेळेनंतर अदलाबदल. जोडीदाराने पाहिला नाही तो मासा पकडलाच नाही, मग तो कितीही मोठा असो. आणि गुण प्रत्येक माशाला, ठरलेल्या किमान लांबीच्या वरच्या. ‘सगळ्यात मोठा’ ठेवलात की प्रत्येक जण एकाच माशाला शेवटपर्यंत पिळत बसतो. फोटो हवा? जाळीतच काढा. उचलायचाच असेल तर श्वास रोखून उचला, तुमचा श्वास संपायच्या आत तो पाण्यात गेला पाहिजे.

“कुठे उभं राहायचं ते तिथे गेल्यावर बघू”

तिथे गेल्यावर काय होतं ते सांगतो. मी शिट्टी वाजवली आणि अकरा माणसं एकाच डोहाकडे धावली. प्रौढ, कर्ती माणसं, काहींना नातवंडं. वेडर्स (पाण्यात उतरायची, छातीपर्यंतची जलरोधक विजार) घालून धावणारा माणूस बदकासारखा दिसतो, पण हसायला मला सवड नव्हती. दहा मिनिटांत तिघांच्या लाईनींची मिळून एक गाठ झाली. ती सोडवायला पाऊण तास गेला आणि तोवर त्या डोहातला एकेक मासा दगडाखाली गेलेला. वरच्या अंगाला अर्धा किलोमीटर सुंदर उथळ, खळाळतं पाणी होतं. तिकडे एकटी एक बाई शांतपणे गेल्या होत्या. त्याच जिंकल्या.

फ्लाय फिशिंगमध्ये वजन फ्लायला नसतं, ते लाईनला असतं. त्यामुळे लाईन पुढे जितकी टाकायची तितकीच ती आधी मागे उलगडावी लागते. मागे जागा नसेल तर पुढे काही जात नाही, आणि मागे माणूस असेल तर फ्लाय त्याच्यातच घुसते. मी दोन माणसांत पन्नास पावलं ठेवतो. तीस चालतात म्हणणारे आहेत, त्यांनी आपली स्पर्धा आपण भरवावी.

आदल्या दिवशी एकट्याने जाऊन काठ चालून या. नदीचे दोन-तीन विभाग करा, प्रत्येकात जागा आखा, झाडाला रंगीत फित बांधा आणि चिठ्ठ्या टाका. “मला जरा कडेची द्या” म्हणणाऱ्यालाही चिठ्ठीच. गुणांचाही हिशेब विभागवार करा, कारण पाणी सगळीकडे सारखं नसतं. एका विभागातला पहिला आठ मासे काढेल, दुसऱ्यातला तीनच. तरी दोघांनाही 1 आकडा मिळतो, दुसऱ्यांना 2, तिसऱ्यांना 3. पुढच्या फेरीत विभाग बदलायचे आणि शेवटी ज्याची बेरीज सगळ्यात कमी तो जिंकला. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा 1981 साली लक्झेंबर्गमध्ये सुरू झाली, तिथेही आज विभागवार क्रमांकांचीच बेरीज होते. ही पद्धत आणल्यापासून “माझ्या वाट्याला भिकार जागा आली” हे रडगाणं बंद झालंय. म्हणजे बंद नाही, पण मला ते ऐकून घ्यावं लागत नाही.

जागा आखल्या तरी चालण्याची रीत सांगावीच लागते. कुणी प्रवाहाच्या वरच्या दिशेने मासेमारी करत सरकत असेल तर त्याच्या पुढचं पाणी त्याचं. त्याला वळसा घालून जायचं ते काठावरून, पाण्यापासून लांबून. ट्राऊट प्रवाहाकडे तोंड करून उभा असतो. तुम्ही वरच्या अंगाला पाण्यात उतरलात की आधी त्याला तुमचे पाय दिसतात आणि मग तुम्ही उठवलेला गाळ खालच्या माणसाच्या पायाशी येतो.

“बार्ब राहू दे, मासा सुटतो नाहीतर”

बार्ब म्हणजे गळाच्या टोकामागचा तो बारीक उलटा काटा. आमच्या स्पर्धेत तो चालत नाही, जागतिक स्पर्धेतही चालत नाही. लाईन ताणलेली ठेवली तर मासा सुटत नाही. ज्याचे सुटतात तो लाईन सैल सोडतो, त्यात गळाचा काय दोष? पक्कडीने काटा दाबून सपाट करा, मात्र टोकाच्या रेषेत. आडवा दाबलात तर टोकच तुटतं. मग गळ सुती कापडात खुपसून मागे ओढा. धागा अडकला तर काटा शिल्लक आहे. सकाळी मी प्रत्येकाच्या डबीतला एक गळ असा माझ्या बाहीत खुपसून बघतो. लोक चिडतात.

चिडणाऱ्यांतल्याच एकाच्या कानाच्या पाळीत पुढे त्याचीच फ्लाय घुसली. तो उजवा आणि वारा उजवीकडून. अशा वाऱ्यात लाईन अंगावरच येते. त्याने रॉड डाव्या खांद्यावरून चालवायला हवी होती, नाहीतर पाठ फिरवून मागच्या फेकीवर फ्लाय सोडायला. पण घड्याळ चालू होतं ना! काटा दाबलेला होता म्हणून काम सोपं झालं. गळाच्या वाकाला जाड दोऱ्याचा फास घातला, गळाचा डोळा, म्हणजे दोरा बांधायचं भोक, त्वचेकडे दाबून धरला आणि घुसला त्याच रेषेत मागे एक झटका दिला. त्याला कळायच्या आत फ्लाय माझ्या हातात. डोळ्याच्या आसपास असं काही झालं तर मात्र कुणीही हुशारी करायची नाही, आहे तसा गळ ठेवून थेट डॉक्टरकडे. चष्मा आणि टोपीशिवाय मी कुणाला पाण्यात उतरू देत नाही ते यासाठीच. पोलराइज्ड चष्मा असेल तर पाण्याखालचे मासेही दिसतात, ही वरकड कमाई.

नवशिक्यांसाठी, एकदाच सांगतो

व्हिडिओ बघून पंचवीस मीटर फेकायला शिकून येऊ नका. बरेचसे मासे आठ-दहा मीटरच्या आत असतात आणि तिथे फ्लाय हळुवार ठेवता येणं हीच सगळी विद्या आहे. ती यायला एक हंगाम लागतो, हा हंगाम विकत मिळत नाही. पन्नास फ्लाय विकत मिळतात, त्या तुम्ही घेऊन येता.

लाईन हवेत सहा-सात वेळा पुढेमागे नाचवू नका. हवेत मासे नसतात.

रॉडवर 5 लिहिलं असेल तर लाईनही 5 चीच, हा आकडा लाईनच्या वजनाचा.

गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करा. कोरडी गाठ घासून तापते आणि मोठ्या माशालाच तुटते.

टिपेट जितकं बारीक तितके मासे जास्त, हे अर्धसत्य आहे. 6 एक्स वर (एक्सचा आकडा जितका मोठा तितकं टिपेट बारीक) मोठा मासा लागला की तो अर्धमेला होईपर्यंत खेळवावा लागतो, वरची गोष्ट आठवा.

वेडर्सचा पट्टा आवळलाच पाहिजे. पडलात तर आत पाणी भरायला वेळ लागतो, तेवढ्यात आम्ही पोचतो.

पहिल्या वर्षी स्पर्धेत उतरूच नका, एखाद्या मुरलेल्या माणसाचा जोडीदार म्हणून मोजमाप करा. माझं हे मत आमच्या समितीत दर वर्षी हाणून पाडलं जातं.

“एवढ्या लांब आलोय तर…”

तरीही रद्द करायची. मी खिशात थर्मामीटर ठेवतो. पाणी 20 अंश सेल्सियसच्या वर गेलं की ट्राऊटच्या मागे लागायचं नाही. 10 अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे 11 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 20 अंशांना जेमतेम 9. माशाला गरज वाढलेली असते आणि मिळकत घटलेली. अशात त्याला दमवायचं आणि वर ‘सोडून दिला’ म्हणून मिरवायचं! उन्हाळी स्पर्धा म्हणूनच पहाटे सुरू करा आणि सकाळी आवरा.

विजांचंही तेच. कार्बनची रॉड वीज वाहून नेते आणि तुम्ही नऊ फुटांची काठी उंचावून पाण्यात उभे असता. गडगडाट ऐकू आला की सगळे गाड्यांत, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास तिथेच.

रद्द झालं तर दिवस फुकट जाऊ नये म्हणून गाडीत चार प्लास्टिकच्या रिंगा ठेवा. गवतावर आठ, दहा, बारा मीटरवर मांडा, गळाऐवजी लोकरीचा तुकडा बांधा आणि नेमबाजीची स्पर्धा घ्या. वर्षभर माशांच्या गप्पा मारणाऱ्यांची खरी पत इथे कळते, म्हणून काही जण हिला टाळतात.

बूट

हे कुणालाच ऐकायचं नसतं, कारण तोवर सगळे दमलेले असतात. एका क्लबचे वीस जोड बूट या नदीतून त्या तलावात जातात आणि सोबत काय काय नेतात ते डोळ्यांना दिसत नाही. डिडिमो नावाचं शेवाळ 2004 साली न्यूझीलंडच्या नद्यांत सापडलं. 2008 साली तिथे फेल्टच्या (दाबून केलेल्या जाड नमद्याच्या) तळव्याचे बूट बंदच केले, कारण फेल्ट आतून लवकर सुकत नाही. ट्राऊटच्या पिल्लांना गरगर फिरायला लावणारा व्हर्लिंग डिसीजचा परजीवीसुद्धा बुटांच्या चिखलातून प्रवास करू शकतो.

आम्ही निघण्याआधी काठावरच ब्रशने चिखल काढतो आणि घरी गेल्यावर बूट, वेडर्स, जाळी पूर्ण सुकवतो. सुकल्यावर आणखी दोन दिवस तसंच ठेवतो, मगच दुसरं पाणी. लागोपाठ दोन दिवस दोन ठिकाणची सहल आखायची असेल तर बुटांचे दोन जोड हवेत. नसतील तर दुसऱ्या दिवशी काठावर बसून मोजमाप करा, जोडीदारांची आम्हाला कायम चणचण असते.